मलिदा लिहायचा की लाटके?

ठाण्याहून एका आईचं पत्र आलं आहे. बरंच लांब होतं, मुद्द्याचं तेवढं देते.

"माझी मुलगी दहा वर्षांची, पाचवीत आहे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझी नणंद इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिच्या ओळखीतल्या एका शिक्षिकेने वेगवेगळ्या देशांतल्या ज्यू मुलांचा एक गट केला आहे. प्रत्येकाने आपलं आवडतं पुस्तक, आवडतं गाणं आणि घरच्या सणातली एखादी रीत लिहून किंवा मोबाइलवर बोलून पाठवायची. मुदत महिन्याची. मुलगी आधी हरखून गेली होती. मग सगळी मुलं पहिल्यांदा व्हिडिओवर भेटली, तेव्हा बॉस्टनच्या एका मुलाने तिला विचारलं, 'तू खरंच ज्यू आहेस का?' ती गप्पच झाली. आता म्हणते, मी हनुक्का सणाचे लाटके आणि ड्रेडल लिहिणार, सगळ्यांनी तेच लिहिलंय. आमच्या घरात लाटके कधी झालेले नाहीत, ड्रेडल मी हातातसुद्धा घेतलेलं नाही. मिस्टर म्हणतात, लिहू दे, समोरच्यांना कळेल असं लिहिलेलं बरं. सासूबाई म्हणतात, आपल्या मलिद्याचा विधी लिही, एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलियाहू प्रेषिताचं, गाणं म्हण. आणि मुलीला एकटीला गाठून विचारलं तर ती हळूच सांगते की तिचा सगळ्यात आवडता सण म्हणजे सोसायटीचा गणपती, आणि आवडतं पुस्तक फास्टर फेणे. हे सासूबाईंच्या कानावर गेलं, तेव्हापासून त्या माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी काय करू?"

प्रिय ठाणेकर आई,

आधी त्या बॉस्टनच्या मुलाचं बघू, कारण बाकीचं सगळं तिथून सुरू झालं आहे. तुमची लेक लाटक्यांवर भाळलेली नाही. तिला तो प्रश्न पुन्हा कुणी विचारायला नको आहे, एवढंच.

दहा-अकरा वर्षांच्या पोराने ज्यू म्हणून आजवर जे चेहरे पाहिले, त्यात कोकणच्या वळणाची, मराठीत विचार करून इंग्रजी बोलणारी मुलगी नव्हती. त्याने विचारलं. त्यात खोट शोधू नका. बेने इस्रायलांना हा प्रश्न त्याच्याआधी बड्या बड्या मंडळींनी विचारून झाला आहे. तुमच्याच घरी सांगत असतील ती बाहेरून आलेल्या ज्यू पंडिताची, दावीद राहाबीची, गोष्ट आठवा. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले जाणारे हे लोक आहेत तरी कोण, याचं त्याला कोडं पडलं. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली. बायकांनी खवले आणि पर असलेली, म्हणजे ज्यूंना चालणारी, मासळी तेवढी निवडली, बाकीची बाजूला सारली. झाली परीक्षा! पुढे 1948 नंतर हजारो कुटुंबं इस्रायलला गेली, तर तिथे 1960 नंतर काही धर्मगुरूंनी हुकूम काढला की यांची लग्नं लावण्याआधी यांच्या पिढ्या तपासा. माणसं रस्त्यावर उतरली, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि अखेर 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यूच आहेत, असं जाहीर केलं. शिकल्यासवरल्या धर्मपंडितांना जिथे शंका आली, तिथे बॉस्टनच्या पोराला काय बोलायचं?

1964 ची हकीकत लेकीला आत्ताच सांगायची घाई करू नका. ती तुमच्यासाठी. मासळीची गोष्ट मात्र जरूर सांगा, तिला ती फार आवडेल, कारण त्या गोष्टीत परीक्षेला बसलेल्या बायका न बोलता पास होतात. तिला बोलावं लागणार आहे, म्हणून तिच्या हाताशी एक तयार उत्तर द्या. काहीतरी असं: "हो. आम्ही कोकणातले ज्यू. आमच्यात सांगतात की आमचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. तुझ्या घरचे कुठून आले?" शेवटचा प्रश्न विसरायचा नाही. त्याने चेंडू पलीकडे जातो, आणि त्या मुलालाही घरी जाऊन आजोबांना काहीतरी विचारावं लागतं. दोन-तीनदा मोठ्याने म्हणवून घ्या. अशा वेळी शब्द जिभेवर असलेले बरे.

इतर वाचकांसाठी सांगते, नवगाव अलिबागच्या उत्तरेला आहे आणि तिथे बेने इस्रायलांचं जुनं कब्रस्तान व स्मारक आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावं ऐकून ज्यांना फक्त कोकणी माणूस दिसतो, त्यांनी पुढच्या वेळी एकदा विचारून बघावं.

आता लाटके. बटाटा किसायचा, त्यात कांदा आणि अंडं घालायचं, चपटं करून तळायचं. हनुक्का हा तेलाचा सण. जेरुसलेमच्या मंदिरातलं एका दिवसापुरतं तेल आठ दिवस जळत राहिलं, अशी त्यामागची कथा, म्हणून तळणीचे पदार्थ. पण त्या कथेतल्या जेरुसलेममध्ये बटाटा कुठून येणार? तो दक्षिण अमेरिकेतला. युरोपात पोचल्यावर गरिबाला परवडणारं पीक म्हणून पूर्वेकडे पसरला आणि तिथल्या ज्यूंच्या कढईत पडला. तळायला तेलही नसायचं, पुष्कळ घरांत हंसबदकाची चरबी असायची. ड्रेडल म्हणजे तो चार बाजूंचा भोवरा, तो तर जर्मन मुलखातल्या जुगाराच्या भोवऱ्यावरून आलेला आहे. त्याच्यावरच्या चार अक्षरांचा मूळ अर्थ 'काही नाही, सगळं, अर्धं, घाल पैसे' असा होता. 'तिथे मोठा चमत्कार घडला' हा अर्थ मागाहून जोडला गेला, आणि इस्रायलमधल्या भोवऱ्यावर एक अक्षर बदलून 'इथे घडला' केलं आहे. मोरोक्कोच्या ज्यूंना हनुक्काला लाटके नाही, तळलेले स्फेंज लागतात. इराणचे ज्यू पेसाहच्या, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या, रात्री जेवणाच्या टेबलाभोवती एकमेकांना कांद्याच्या पातीने बडवतात, चक्क. इथिओपियाच्या ज्यूंचा सिग्द नावाचा सण बाकी ज्यूंना परवापरवापर्यंत ठाऊक नव्हता आणि 2008 पासून इस्रायलमध्ये तो सरकारी कॅलेंडरवर आला. तेव्हा तुमची लेक ज्याला 'खरं' समजते, ती पोलंड-रशियाकडच्या माणसांची घरची रीत आहे. ते लोक अमेरिकेत मोठ्या संख्येने गेले, पुस्तकं त्यांनी लिहिली, म्हणून ती जगाला दिसते.

तुमच्या मिस्टरांचं 'कळेल असं लिहावं' हे म्हणणं मला समजतं. घरात पोर हिरमुसून बसलेलं बापाला बघवत नाही. पण त्यांना एवढंच विचारा की दुसरा प्रश्न आला तर ती काय करणार? लाटके खाणाऱ्या मुलांमध्ये एक जुना वाद आहे, त्यांच्यावर सफरचंदाचा गोड लगदा घालायचा की आंबट साय. कुणीतरी तिला हे विचारणारच. तिथे ती अडकली की 'खरंच ज्यू आहेस का' हा प्रश्न पहिल्यापेक्षा वाईट रीतीने परत येईल. जे केलंच नाही त्याच्याबद्दल मूल दोन वाक्यांपलीकडे बोलू शकत नाही.

हनुक्काला तुमच्याकडे दिवे लावत असाल तर ते मात्र लिहायला हरकत नाही. बेने इस्रायलांचे पूर्वज त्या तेलाच्या प्रसंगाच्या आधीच देश सोडून निघाले, म्हणून हनुक्का त्यांना पुढे कोकणात येऊन कळला, असं तुमच्यात सांगतात ना? ते ऐकून बॉस्टनच्या मुलाचे डोळे विस्फारतील.

मग लिहायचं काय? तुम्ही आणि सासूबाई मिळून ठरवू नका. लेकीला विचारा, कुठल्या सणाला तुझे हात चिकट होतात? कुठल्या दिवशी घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा असतो? कुठला वास आला की तुला न सांगता कळतं की उद्या सण आहे? जिथे ती पटकन बोलायला लागेल ती तिची रीत. माझा अंदाज, रोश हाशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, चिकाच्या हलव्यावर गाडी थांबेल. तुमच्या घरी तो जुन्या पद्धतीने होतो की चायना ग्रास नाहीतर कॉर्नफ्लोअर घालून झटपट, मला माहीत नाही. पण एकदा जुन्या पद्धतीने करून बघा आणि तिला हाताशी घ्या. गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, फडक्यातून पिळून चीक काढायचा. तो निवळला की वरचं पाणी ओतून टाकायचं, नारळाचं दूध आणि साखर घालून मंद आंचेवर ढवळत बसायचं. पहिला अर्धा तास काहीच होत नाही, पोरं कंटाळतात. मग एकाएकी कालथा जड होतो, मिश्रण कडेने सुटायला लागतं, आणि 'आता सोडू नकोस, तळाला लागेल' म्हणून सगळं घर एकावर एक ओरडतं. गुलाबी रंग, वेलची, वर बदाम-पिस्त्याचे काप, ताटात थापून वड्या. गाईचं दूध का नाही घालत? कारण सणाच्या जेवणात मटण असतं आणि ज्यूंना मांसाबरोबर दूध चालत नाही. कोकणात नारळ हाताशी होता, प्रश्न सुटला. हे एवढं कारण तिने सांगितलं, तरी ती ज्यू कशी हे वेगळं सांगावं लागणार नाही.

किंवा मलिदा. सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त तो 'लिही' म्हणून होणारा नाही. घरात शेवटचा मलिदा कधी झाला? कुणाच्या लग्नाच्या वेळी, नवसाला? मुलगी तेव्हा मोठ्यांच्या मागे उभी असेल तर तिला ताटाची कड तेवढी दिसली असणार. या महिन्यात एक छोटा मलिदा घाला, आणि पोहे भिजवण्यापासून तिच्या हातात द्या. भिजलेल्या पोह्यांत खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा कालवायचा, ताटात डोंगर करायचा, भोवती फळं मांडायची. झाडाच्या फळाची ब्राखा, म्हणजे आशीर्वचन, वेगळी, जमिनीतून उगवणाऱ्याची वेगळी, आणि सुवासाचीही वेगळी, म्हणून गुलाब नाहीतर सब्जा आधी हुंगायचा. मुलांना हे हुंगणं फार आवडतं. जेवायच्या आधी नाकाला मान देणारा विधी त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार?

गाण्याचं तर तुमच्याकडे घबाड आहे आणि तुम्हाला त्याची कल्पना दिसत नाही. एलियाहू हनाबीचं गाणं बॉस्टनच्या त्या मुलालाही येत असण्याची दाट शक्यता आहे. शब्बाथ संपताना, शनिवारी रात्री, जगभरच्या ज्यू घरांत एलियाहूला साद घालतात, पेसाहच्या रात्री त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात आणि दार उघडून वाट बघतात. चाली मात्र निरनिराळ्या. तुमच्या लेकीने सासूबाईंबरोबर आपल्या चालीवर ते म्हणून पाठवावं आणि खाली एवढंच लिहावं: "तुम्ही दार उघडून त्याची वाट बघता. आमच्याकडे तो येऊन गेला. अलिबागजवळ खंडाळा नावाचं गाव आहे, तिथल्या खडकावर त्याच्या घोड्याच्या टापांची खूण आहे." घाटातलं खंडाळा नव्हे, हेही लिहा, नाहीतर कुणीतरी नकाशावर चुकीच्या ठिकाणी बोट ठेवील. तिला तो खडक अजून दाखवला नसेल, तर भाऊच्या धक्क्यावरून रोरोने मांडवा, पुढे रिक्षा. एका रविवारचं काम आहे.

सासूबाईंना कीर्तन येतं का, हेही विचारा. बऱ्याच मराठी वाचकांना हे माहीत नसेल. 1880 च्या सुमारास मुंबईतल्या बेने इस्रायल मंडळींनी आपल्या हरिकीर्तनाचा साचा जसाच्या तसा उचलला आणि त्यात योसेफाची, मोशेची, अब्राहामाची आख्यानं बसवली. पेटी, झांजा, साकी, दिंडी, अभंग, सगळं. भावांनी विहिरीत टाकलेला योसेफ साकीतून ऐकायचा म्हणजे काय मजा असते! आजींकडून चार ओळी निघाल्या तरी मोबाइलवर टिपून ठेवा. गटात पाठवा न पाठवा.

आता गणपती. मुलीने खरं सांगितलं आहे, आणि तुम्हाला एकटीला विश्वासाने सांगितलं आहे, त्यामुळे तिला त्याबद्दल बोलणी बसता कामा नयेत. सोसायटीत दहा दिवस पोरं रात्री अकरापर्यंत खाली असतात, नाचाची तालीम असते, स्पर्धा असतात, मोदक असतात. दहा वर्षांच्या मुलीला हे आवडलं नाही तर मला काळजी वाटेल. पण शिक्षिकेने विचारलं आहे ती घरच्या सणातली रीत, आणि गणपती तुमच्या घरचा सण नाही. हा फरक तिला सांगितला तर कळतो. 'आवडतं काय' या प्रश्नात हवं तर तिने मोकळेपणी लिहावं की शेजाऱ्यांच्या गणपतीत मी नाचते. बॉस्टनच्या मुलाच्या शेजारीही डिसेंबरात झाडाला दिवे लागतात आणि त्यालाही ते आवडतात, त्याला हे सगळ्यात आधी समजेल. घरचं म्हणून मात्र घरचं लिहावं. माझं मत विचाराल तर तिने दोन्ही एकाच परिच्छेदात लिहावं. तिच्या आयुष्यात ते तसेच शेजारी शेजारी येतात. तुमचं कॅलेंडरही चंद्राचं आणि आमचंही, त्यामुळे रोश हाशाना एखाद्या वर्षी गणपतीच्या तोंडावर येतो, एखाद्या वर्षी घटस्थापनेच्या आसपास. घरात हलवा थापायचा आणि खाली ढोल वाजत असायचा, हे चित्र तिच्याशिवाय त्या गटात दुसरं कुणी काढू शकणार नाही.

आणि सासूबाईंना जेव्हा राग येईल, तेव्हा त्यांना त्यांच्याच आजीच्या तोंडचे सण विचारा. रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण. उपासाचा किप्पूर म्हणजे दारफाळणीचा, दारं बंद करण्याचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. खिरीचा सण वेगळा. पुरीम फाल्गुनातल्या पुनवेच्या सुमारास येतो म्हणून तो होळीचा सण, आणि त्या दिवशी पुरणपोळी. मंदिर पडल्याचा शोक पाळायचा तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी मांस वर्ज्य आणि ताटात वालाचं बिरडं. जेरुसलेमच्या मंदिराचा शोक वालाच्या बिरड्याने पाळणारे लोक आहात तुम्ही! या मंडळींनी शेजाऱ्यांकडून पुष्कळ घेतलं आणि शेमाची प्रार्थना, शब्बाथ, सुंता व खाण्यापिण्याचे नियम सोडले नाहीत. गणपतीत नाचलेली नात त्यापुढे फार मोठी गोष्ट नव्हे, हे त्यांना मनातून माहीत असणार.

त्यांचा राग गणपतीवर नाहीच आहे, असं मला वाटतं. 1948 च्या सुमारास बेने इस्रायल वीस हजारांच्या घरात होते. आज भारतातले सगळे ज्यू मिळून चार-पाच हजार. तुमच्या सासूबाईंची भावंडं, वर्गातल्या मैत्रिणी, शेजारणी यांतल्या किती जणी अश्दोद, दिमोना, बेरशेवाला आहेत, मोजून बघा. ज्या बाईने अख्खी आळी रिकामी होताना पाहिली, तिला नातीच्या तोंडून 'माझा आवडता सण गणपती' ऐकताना काय वाटलं असेल? त्यांना समजावायला जाऊ नका. काम द्या. हलव्याचा चीक बरोबर निवळला का हे त्यांनाच विचारावं लागेल, गाण्याची चाल त्यांनाच धरावी लागेल. दोन दिवसांत बोलायला लागतील, कारण तुम्ही चुकीचं ढवळत असाल.

पुस्तकाचं उत्तर सोपं आहे. फास्टर फेणे. आवडत्या पुस्तकाला धर्माचा दाखला कशाला? फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा पुण्यात येतो, सायकल दामटतो, भलत्या भानगडीत नाक खुपसतो आणि 'ट्टॉक' करतो. तिने हे लिहिलं की गटातली निम्मी मुलं 'ट्टॉक' करून बघतील. त्यांच्याकडून तिने चेल्मच्या गोष्टी मागून घ्याव्यात. चेल्म हे पोलंडमधलं खरं गाव, पण ज्यूंच्या लोककथांत तिथले सगळे शहाणे म्हणजे नग आहेत. पाण्याच्या पिंपात चंद्राचं प्रतिबिंब पडलं की झाकण लावून चंद्र पकडला म्हणतात. फास्टर फेणेच्या वाचकाला हे पटकन आवडेल.

त्याबरोबर घरातलं एक पुस्तक तिला दाखवा, किंवा घरात नसेल तर इंटरनेटवर त्याची चित्रं सापडतात. 1874 मध्ये पुण्यात छापलेली पेसाहची हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. तिच्यात मत्झा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची पोळी, करतानाची चित्रं आहेत आणि त्यातल्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसून लाटताहेत, भाजताहेत. इजिप्तमधून सुटलेल्या लोकांची गोष्ट, आणि चित्रात आपल्या पणजीसारख्या बायका. ते पान मोबाइलवर मोठं करून तिच्या हातात द्या आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून जा. 'बघ, आपणही ज्यू आहोत' वगैरे काही बोलू नका. मुलांना चित्र वाचता येतं.

थोडं रूक्ष, पण हवंच. आडनाव, शाळेचं नाव, सोसायटी, आणि तुम्ही कुठल्या सिनेगॉगला कधी जाता, यातलं काहीही व्हिडिओत किंवा लिखाणात येऊ देऊ नका. 2008 च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर प्रार्थनेला जाताना दारात पोलीस का असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. गटातल्या कुणी युद्धाचं किंवा राजकारणाचं काढलं, तर 'ते मला माहीत नाही, घरी विचार' एवढं म्हणून पुढे जायला शिकवा. पाचवीतली मुलगी कुणाचीही प्रवक्ती नाही. आणि त्या शिक्षिकेला एक निरोप पाठवा, की पुढच्या वेळी मुलं भेटतील तेव्हा तिने आधी जगाचा नकाशा लावावा आणि प्रत्येकाला आपल्या आजी-आजोबांचं गाव दाखवायला सांगावं. बॉस्टनच्या मुलाचा प्रश्न बहुधा तिथेच विरघळेल. खरं तर हे पहिल्याच भेटीत व्हायला हवं होतं.

पाठवायच्या कागदाच्या शेवटी लेकीकडून दोन-तीन प्रश्न लिहून घ्या. तुमच्याकडे एलियाहूचं गाणं कुठल्या चालीवर म्हणता? सणाच्या आदल्या दिवशी तुमच्या घरात कोण कुणावर ओरडतं? किद्दुशला (पेल्यावरच्या प्रार्थनेला) द्राक्षांचा रस आणता की आमच्यासारखं काळ्या मनुका भिजवून सरबत करता? उत्तरं यायला लागली की तिला लाटक्यांची आठवणही राहणार नाही. राहिली, तर एका रविवारी करून खा, बटाटे घरात असतातच.

हलव्याच्या वड्या पाठवायचा मोह सासूबाईंना नक्की होईल. नारळाच्या दुधाचं आहे, बॉस्टनपर्यंत टिकायचं नाही. कृती पाठवा, आणि वाटीचं माप ग्रॅममध्ये करून लिहा.